घरच्या चटणीचा अभिमान

कोल्हापुरात कांदा-लसूण मसाल्याला चटणीच म्हणतात. ती पाकिटातली आणली तरी रस्सा होतो आणि त्यात कमीपणा काही नाही. पण ‘ही आमची चटणी’ असे पाहुण्यासमोर म्हणायचे असेल, तर एकदा तरी ती स्वतः करावी.

मार्च-एप्रिलच्या कडक उन्हात मिरच्या वाळवाव्यात. एक किलोसाठी रंगाला 700 ग्रॅम ब्याडगी आणि तिखटपणाला 300 ग्रॅम संकेश्वरी हे प्रमाण मला योग्य वाटते. देठ स्वतः खुडावेत, कारण त्या वेळीच आतून पांढरी बुरशी आलेली मिरची हाताला लागते. धणे, तीळ, सुके खोबरे आणि गरम मसाला मंद आचेवर वेगवेगळा भाजावा.

खरी कसोटी कांद्याची. उभा चिरून उन्हात सुकवलेला कांदा तेलात तांबूस आणि कुरकुरीत होईपर्यंत तळावा. त्यात ओल राहिली तर चटणीला बुरशी येते. माझी पहिली चटणी अशीच जुलैत फेकून द्यावी लागली आणि दुसऱ्या वर्षी मी कांदा बोटांनी चुरून पाहिल्याशिवाय मिरचीत मिसळला नाही. ती चटणी मला आजही विकतच्या कोणत्याही चटणीहून प्रिय आहे.

शेवटी लसूण आणि मीठ घालून सारे डंकावर कांडून आणावे, पूर्ण निवल्यावर कोरड्या बरणीत दाबून भरावे आणि झाकणावर तारीख व मिरचीचे प्रमाण लिहावे.