मुलाच्या हातात एअर रायफल देताना: आधी नळी, मग नेम

2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेंनी कांस्यपदक मिळवलं. असं काही घडलं की मुलाला नेमबाजीला घालायचा विचार घरोघरी सुरू होतो. जरूर घाला. फक्त पहिल्याच दिवशी त्याला निशाण्यासमोर उभं करून छर्रे मारायला देऊ नका.

बंदुकीची भीती घाला म्हणजे मूल आदर शिकेल, हा सल्ला चुकीचा आहे. घाबरलेलं मूल रायफल आवळून धरतं आणि आवळताना बोट ट्रिगरवर जातं. मॅच रायफलचा, म्हणजे स्पर्धेच्या रायफलचा, ट्रिगर शंभरेक ग्रॅमच्या दाबानेही सुटतो. खंडेनवमीला शस्त्राला हळदकुंकू वाहणं चांगलंच, पण तेवढ्याने हाताला वळण लागत नाही. नळी कुठे रोखली आहे याचं भान मुलाला सतत असलं पाहिजे.

छर्रे कुलपात, रायफल वेगळ्या कुलपात, किल्ली स्वतःजवळ. डोळ्यांना संरक्षक चष्मा हवाच. छर्रे शिशाचे असतात. ते ओठांत धरायची मुलांना खोड असते, ती पहिल्या दिवसापासून मोडा. सरावानंतर साबणाने हात धुवायला लावा. रायफलचं वजन पेलत नसेल तर तिच्या पुढच्या भागाला स्टँडचा आधार द्या.

आता सेफ्टी फ्लॅग. ही भडक रंगाची दोरी मागून नळीत घालून पुढच्या तोंडातून बाहेर काढतात. दोन्ही टोकं दिसली तरच रायफल रिकामी मानायची. ‘रिकामीच आहे’ हे तोंडी उत्तर स्वीकारू नका, तुम्ही स्वतः दिलेलं असलं तरी.

खरी अडचण पुढेच आहे: मूल वळतं तेव्हा. दिवाळीत टिकल्यांचं पिस्तूल हातात आल्यापासून त्याला सवय असते, उचलायचं, भावावर रोखायचं आणि ‘ठो’ करायचं. त्यात कुणी मागून हाक मारली की मूल मान वळवत नाही, अख्खं अंग वळवतं आणि रायफलही सोबत फिरते. उजव्या हाताने नेम धरणाऱ्याची छाती उजवीकडे असते. त्यामुळे नळी उजवीकडच्या मुलांवरून फिरत थेट मागे उभ्या असलेल्यांवर येते.

म्हणून पहिल्या काही तासिका छर्र्याविना घ्या. फ्लॅग नळीतच राहू द्या. मूल नेम धरून असताना मागून मुद्दाम नावाने हाक मारा. त्याने करायचं ते असं: बोट ट्रिगरवरून काढून बाजूला सरळ ठेवायचं, नळी निशाण्याकडेच ठेवून रायफल टेबलावर ठेवायची, दोन्ही हात सोडायचे आणि मगच वळायचं. एका तासिकेत दहा-बारा वेळा, कधी नावाने, कधी टाळीने, कधी ‘पाणी पितोस का?’ म्हणून. सलग तीन तासिका एकही चूक झाली नाही, तर पुढे जा.

चुकलं तर ओरडू नका. ओरडलात की ते तुमच्याकडेच वळेल, हातातल्या रायफलसकट. तुम्ही त्याच्या उजवीकडे, अर्धं पाऊल मागे उभे राहा. नळी फिरायला लागली की पुढचा लाकडी भाग हाताने पकडून निशाण्याकडे ढकला आणि शांतपणे ‘ठेव’ म्हणा. एका वेळी एकच मूल घ्या. दोघांवर लक्ष ठेवता येतं असं वाटतं, पण येत नाही.

छर्रा सुटला नाही तर मुलं नळीत डोकावतात. त्याऐवजी नळी निशाण्याकडेच ठेवायची, बोट बाहेर, मोकळा हात वर करून तुमची वाट बघायची. हाही सराव छर्र्याविनाच करून घ्या.

‘स्टॉप’ हा शब्द कुणीही उच्चारू शकतं, सर्वांत लहान मूलसुद्धा. तो ऐकल्यावर ‘का?’ विचारायचं नाही, आधी बोट काढायचं.

एवढं जमलं की छर्रा भरायला द्या, तोही एकेकच. नेम कसा धरायचा हे मुलं लवकर शिकतात.