सुबाभळीचा पाला गाईच्या वैरणीत कसा आणावा

गाय रवंथ करता करता ढेकर देते आणि त्यातून मिथेन हा हवा तापवणारा वायू बाहेर पडतो. खाल्लेल्या वैरणीतली २ ते १२ टक्के ऊर्जा अशी हवेत जाते. हवामानाचं राहू द्या, पैसा आपल्या वैरणीचा आहे.

कोठीपोटातले (गाईच्या पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यातले) जिवाणू वैरणीतले तंतू फोडतात तेव्हा हायड्रोजन सुटतो. दुसरे सूक्ष्मजीव तो कार्बन डायऑक्साइडशी जोडून मिथेन करतात. निव्वळ वाळल्या कडब्यावर हे जास्त चालतं. सुबाभळीच्या पाल्यातलं टॅनिन हे तुरट द्रव्य या सूक्ष्मजीवांना आवर घालतं. शिवाय पाल्यातली प्रथिनं कोठीपोटात पटकन फुटू न देता काही भाग पुढे आतड्याकडे जाऊ देतं. मात्र टॅनिन फार झालं तर गाय खाणंच कमी करते.

आधी पाला निवडा. कोवळ्या शेंड्यांत मायमोसीन हे विषारी द्रव्य जास्त असतं, म्हणून नुसते शेंडे खुडून घालू नका. फांद्या कापून उन्हात सुकवल्या की मायमोसीन कमी होतं. सुकवताना पानं गळतात, तेव्हा खाली ताडपत्री हवीच. खरा चारा तोच.

मग प्रमाण. ४०० किलोच्या गाईला दिवसाला साधारण १२ किलो कोरडा चारा-खुराक लागतो. त्यात सुबाभूळ ३० टक्क्यांवर जाऊ नये. हिरव्या पाल्यात हे सुमारे १० ते १२ किलो होतं. मी हिरव्या ८ किलोवरच थांबायला सांगेन. पहिल्या दिवशी १ किलो, कुट्टीत मिसळून. दर दोन दिवसांनी किलोभर वाढवा. घाई केलीत तर पोटातल्या जिवाणूंना जुळवून घ्यायला वेळच मिळत नाही.

पोटातले जिवाणू किती महत्त्वाचे, याचा दाखला हवाई बेटांतला आहे. तिथल्या शेळ्या सुबाभूळ खाऊन ठणठणीत, ऑस्ट्रेलियातली जनावरं मात्र आजारी, हे रेमंड जोन्स या शास्त्रज्ञाने टिपलं. हवाईच्या शेळ्यांच्या पोटात विष फोडणारे जिवाणू होते. ते ऑस्ट्रेलियातल्या जनावरांत सोडल्यावर तीही पाला पचवू लागली. त्या जिवाणूला पुढे सिनर्जिस्टिस जोनेसी हे नाव मिळालं, जोन्स यांच्यावरूनच.

केस गळणं, लाळ गळणं, गळ्याला सूज, खाणं मंदावणं, यांपैकी काही दिसलं तर पाला बंद करा आणि पशुवैद्यकाला बोलवा. गाभण गाईला त्यांना विचारल्याशिवाय देऊच नका. घोडा, डुक्कर, ससा यांना हा पाला नको. त्यांच्याकडे कोठीपोट नाही.

मिथेन घरी मोजता येत नाही. दूध, शेण आणि रवंथ पाहा. दूध टिकलं तर पेंड थोडी थोडी कमी करून बघा, फायदा तिथे दिसेल. लसूणघासाने मात्र हेच साधेल असं समजू नका. त्यात असं टॅनिन जवळजवळ नसतं, उलट ओला लसूणघास उपाशीपोटी भरपूर खाल्ला तर पोट फुगतं.

सुबाभूळ मीटरभर उंचीवर, दर ४० ते ५० दिवसांनी छाटा. शेंगा पिकू दिल्या तर पुढच्या पावसाळ्यात शेतभर रोपं उपटत बसाल.