हाडांसाठी नुसतं चालणं पुरत नाही
पाळी थांबली की इस्ट्रोजेन हे हाडं जपणारं हार्मोन घटतं आणि पुढची काही वर्षं हाडं भराभर झिजतात. म्हणून चाळिशीतच तयारीला लागा. चालणं चांगलंच, पण हाडांना ताणही हवा. जिने चढा, पाण्याने भरलेल्या बाटल्या दोन्ही हातांत धरून खुर्चीतून उठा-बसा. (गुडघे कुरकुरत असतील तर आधी डॉक्टरांना विचारा.) पोहणं हृदयाला उत्तम, हाडांना मात्र फारसं कामाचं नाही.

कॅल्शियमची गोळी सुरू असेल तर एका वेळी ५०० मिलिग्रॅमपर्यंतच घ्या, त्यापुढचं शरीर नीट शोषत नाही. गोळी कॅल्शियम कार्बोनेट या प्रकारची असेल तर जेवणासोबत घ्यावी, लोहाच्या गोळीबरोबर नको. आणि घसरून हाड मोडू नये म्हणून बाथरूमसमोरचं ते सरकणारं पायपुसणं आजच बदला.