रीफ टँकमधले तारामासे: साप म्हणून भुई धोपटू नका

रात्री साडेअकराला पाणी प्यायला उठलात, जाता जाता रीफ टँकवर (जिवंत प्रवाळ ठेवलेल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीवर) मोबाइलचा टॉर्च मारलात आणि काचेवर नखाएवढे वीस-पंचवीस पांढुरके तारे चिकटलेले दिसले. सकाळी पाहता तर झोआंची (प्रवाळांच्या नात्यातल्या, इवल्या फुलांसारख्या जिवांची) एक कॉलनी मिटलेली. झालं! गुन्हा आणि गुन्हेगार बारा तासांत सापडले, आता शिक्षा तेवढी बाकी. माझ्याकडे हे घडलं तेव्हा मीही असाच पेटून उठलो होतो. पुढच्या दोन महिन्यांत त्या ताऱ्यांनी केलं नसेल तेवढं नुकसान मी स्वतःच्या हाताने केलं.

आधी आरोपीची ओळख. रीफवाले ज्याला सरसकट 'ॲस्टरिना' म्हणतात, ती एकच जात नाही. एकमेकांसारख्या दिसणाऱ्या अनेक जातींना आपण एकाच नावाने हाक मारतो आणि त्यातल्या बऱ्याच जाती शास्त्रज्ञांनी आता 'ॲक्विलोनॅस्ट्रा' या वेगळ्या प्रजातीत टाकल्या आहेत. आकार दोन-तीन मिलीमीटरपासून फार तर दीड-दोन सेंटीमीटर. रंग मळकट पांढरा, राखाडी, कधी हिरवट. भुजा वेड्यावाकड्या: दोन लांब, तीन आखूड, एखाद्याला सहा किंवा सात. दुकानातल्या भल्यामोठ्या देखण्या ताऱ्यांशी याचा संबंध नाही. हा फ्रॅग प्लगच्या (प्रवाळाचा तुकडा, म्हणजे फ्रॅग, ज्यावर चिकटवतात त्या बैठकीच्या) बुडाला, लाइव्ह रॉकच्या (जिवाणू नि बारीक जीव वस्तीला असलेल्या समुद्री दगडाच्या) भोकात नाहीतर गोगलगायीच्या शंखावर बसून विदाउट तिकीट येतो.

मिटलेल्या झोआवर तारा बसलाय, म्हणजे त्यानेच खाल्लं

ही सगळ्यात महागडी चूक, बाकीच्या चुका हिच्याच पोटी जन्मतात. तारामासा पोट तोंडातून बाहेर काढतो, खाण्याच्या वस्तूवर पसरतो आणि तिथल्या तिथे पचवतो. टँकमधले बहुतेक ॲस्टरिना असे काचेवरचा नि दगडावरचा बुळबुळीत थर, शेवाळाची साय आणि उरलंसुरलं खातात. काही जाती कोरलाइन शेवाळाचा कडक जांभळा थरही चाटतात, मग दगडावर पांढरे ठिपके उमटतात. थोड्याच जाती खरोखर झोआ किंवा मऊ प्रवाळ खातात. पण मरू घातलेल्या, सडू लागलेल्या पॉलिपवर (कॉलनीतल्या एकेका जिवावर) मात्र यातला कोणीही येऊन बसतो. मेलेल्या उंदराला मुंग्या लागल्या म्हणून मुंग्यांनी उंदीर मारला, असं आपण म्हणत नाही. इथे मात्र बिनदिक्कत म्हणतो.

झोआ मिटण्याची कारणं ढीगभर आहेत. क्षारता (पाण्याचा खारटपणा) हलली, अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल झेलायची ताकद) दोन दिवसांत वरखाली झाली, नायट्रेट-फॉस्फेट पार शून्याला टेकले, नवीन लाइटचा झोत थेट पडला, एखादा मासा चोच मारतोय. त्यात खरे चोर वेगळेच असतात. सनडायल गोगलगाय हा पहिला: चपटा गोल शंख, त्यावर काळ्या-पांढऱ्या चौकड्या. दिवसभर कॉलनीच्या बुडाशी दडून बसते आणि रात्री पॉलिप चोखते. दुसरा, झोआ खाणारा न्यूडिब्रँक (बिनशंखाची समुद्री गोगलगाय): ज्या झोआ खातो त्यांचेच रंग अंगावर घेतो, त्यामुळे तो पॉलिपच वाटतो. तिसरा समुद्री कोळी, काडीसारखे पाय घेऊन पॉलिपच्या मधोमध बसलेला. माझ्याकडे सनडायल निघाली, तीही तीन. मी तारे वेचत होतो आणि या बाया आरामात जेवत होत्या. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय!

मग तपासायचं कसं? लाइट बंद झाल्यावर तासाभराने लाल टॉर्च घेऊन बसा. पांढऱ्या उजेडाने पुष्कळ प्राणी लगेच आत सरकतात, लाल उजेडाचा त्यांना तेवढा त्रास होत नाही. तोच तारा तीन-चार रात्री धडधाकट, उघडणाऱ्या पॉलिपवर पसरलेला दिसला आणि सकाळी बरोबर त्याच जागी मांस विरघळून खड्डा पडला असेल, तर संशय पक्का. आणखी खात्री हवी असेल तर भोकं पाडलेल्या छोट्या प्लॅस्टिक डब्यात झोआचा एक निरोगी फ्रॅग आणि तीन-चार तारे ठेवा, दुसऱ्या तशाच डब्यात नुसता फ्रॅग ठेवा, दोन्ही टँकमध्येच टांगा. यात एक गोम आहे: डब्यात दुसरं काहीच खायला नसेल तर उपाशी तारा एरवी ज्याला शिवणार नाही तेही खाईल. म्हणून शेवाळ धरलेला एखादा दगडाचा तुकडा सोबत टाका. समोर ताट वाढलेलं असूनही झोआवर गेला, तर तो खरा दोषी.

पातळ हातांच्या ताऱ्यांनाही मारणं

सम्पमध्ये (टँकखालच्या फिल्टरच्या टाकीत), फिल्टरच्या स्पंजात, दगडाच्या फटीत केसासारख्या लवलवत्या भुजांचे इवलेसे तारे दिसतात. मधे टिकलीएवढी गोल चकती आणि पाच पातळ, सापासारखे वळणारे हात. हे ब्रिटल स्टार, फुकटचे सफाई कामगार. यांना हात लावू नका. ॲस्टरिनाच्या भुजा रुंद, मधल्या भागातच मिसळून गेलेल्या असतात आणि तो घड्याळाच्या तासकाट्यासारखा सरकतो. एकदा दोन्ही शेजारी पाहिले की पुन्हा घोटाळा होत नाही.

चिरडणं, कापणं, खरवडणं

रक्तबीजाची गोष्ट आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे: रक्ताचा थेंब पडला की नवा राक्षस. ॲस्टरिनाचं अगदी तसंच नाही, पण जवळपास आहे. टँकमध्ये टिकून वाढणाऱ्या जाती अंग दुभंगूनच वाढतात. तारा मधोमध फाटतो, दोन्ही अर्ध्यांना हळूहळू उरलेल्या भुजा फुटतात. भुजा लांब-आखूड दिसतात त्या यामुळेच. याचा अर्थ जोडी लागत नाही, एकटा आलेला तारादेखील वर्षभरात शेकड्याचा धनी होऊ शकतो. आणि तुम्ही काचेवर ब्लेडने त्याचे दोन तुकडे करून दोन्ही पाण्यात सोडलेत, तर त्याचं काम तुम्हीच केलंत. वेचायचं तर अख्खा उचला, अख्खा बाहेर काढा.

औषध ओतणं आणि क्षारता पाडणं

तांबं (धातू) असलेल्या औषधाने तारामासे मरतात, हे खरं. त्याच तांब्याने कोळंबी, गोगलगायी, खेकडे आणि प्रवाळही मरतात. शिवाय तांबं दगडात-वाळूत मुरतं आणि नंतर कितीतरी काळ थोडंथोडं सुटत राहतं. म्हणजे त्या दगडांवर पुन्हा रीफ उभा करायचा विचार सोडा. क्षारता उतरवण्याचंही तसंच. तारामाशाला अंगातलं मीठ-पाणी सांभाळता येत नाही, त्यामुळे तो पहिल्या दणक्यालाच जातो, पण त्याच्या पाठोपाठ बाकीचे बिनकण्याचे प्राणीही जातात. दगडांच्या आतल्या फटीत शेकडो तारे एकदम मेले की अमोनिया वर येतो तो वेगळाच.

'रीफ सेफ' लिहिलेली बाटली कोणी हातात ठेवली तर विचारा: हे ताऱ्याला मारतं आणि कोळंबीला सोडतं ते कसं? मला एका दुकानात याचं उत्तर 'सगळे हेच नेतात' असं मिळालं.

दगड उकळणं: ही चूक मात्र एकदाही करू नका

आतापर्यंतच्या चुकांत पैसे जातात. हिच्यात जीव जाऊ शकतो. तारे समूळ घालवायचे म्हणून दगड बाहेर काढून गरम पाण्यात घालायची कल्पना अधूनमधून कुणाला तरी सुचते. त्या दगडावर पॅलिथोआ किंवा त्यांच्या जातकुळीतल्या झोआ असतील, तर त्यांच्यात पॅलिटॉक्सिन असू शकतं. हे विष 1971 साली हवाईतल्या पॅलिथोआतून वेगळं काढलं गेलं. माउई बेटावर हानाजवळच्या एका डबक्यातलं हे 'शेवाळ' (म्हणजे पॅलिथोआच) भाल्यांच्या टोकांना चोळत, अशी तिथली जुनी आख्यायिका आहे. उकळल्याने ते निकामी होत नाही, उलट वाफेबरोबर घरभर पसरतं. श्वास लागणं, ताप, अंगदुखी, तोंडात धातूची चव ही लक्षणं. 2018 साली इंग्लंडच्या ऑक्सफर्डशायरमध्ये घरचा टँक साफ करताना अख्खं कुटुंब आजारी पडलं आणि मदतीला आलेल्या कर्मचाऱ्यांनाही इस्पितळात न्यावं लागलं.

उकळायचं नाही, प्रेशरने धुवायचं नाही, कोरड्या ब्रशने घासायचं नाही. झोआ कापताना हातमोजे आणि चष्मा लागतोच. झोआची पिचकारी उडून डोळ्यात गेली तर बुबुळाला इजा होते. लहान मुलं नि मांजर त्या वेळी दुसऱ्या खोलीत.

हार्लेक्विन कोळंबी आणून विसरून जाणं

पांढऱ्या अंगावर जांभळट-निळे ठिपके, पंख्यासारखे चपटे पंजे. हार्लेक्विन दिसायला इतकी सुंदर की तारे हे नुसतं निमित्त ठरतं. इलाज म्हणून ती अचूक आहे, कारण ती तारामाशांवरच जगते. आणि अडचणही तीच आहे. दीड-दोनशे लिटरच्या टँकमधले तारे ती काही आठवड्यांत संपवते. मग? फ्लेक्स खात नाही, पेलेट्स खात नाही. उपाशी मरते. 'काम झालं, कोळंबी गेली' असं सहज बोलणारे लोक मी पाहिलेत, मला ते पटत नाही.

तिला पोसायची तर चॉकलेट चिप तारा सम्पमध्ये किंवा वेगळ्या टबात ठेवून त्याची एकेक भुजा तिला द्यावी लागते. हे करायची तयारी नसेल तर आणू नका, किंवा आणण्याआधीच पुढचं घर ठरवा. तीन-चार जणांनी मिळून एक कोळंबी फिरती ठेवणं उत्तम. दर वेळी पाणी ठिबक पद्धतीने जुळवून घ्या, बदलत्या क्षारतेचा धक्का तिलाही सोसत नाही. आणि हो, तिला तुमचा हौसेने आणलेला लिंकिया तारा आणि उपद्रवी ॲस्टरिना यात फरक कळत नाही. टँकमध्ये हॉकफिश किंवा ट्रिगर मासा असेल तर तीच कोणाच्या तरी पोटात जाईल.

टँक उपाशी ठेवणं

ताऱ्यांची संख्या टँकमधल्या थराच्या नि शेवाळाच्या प्रमाणात वाढते. तेव्हा खाणं थोडं आवरा, मासे दोन-तीन मिनिटांत संपवतील एवढंच टाका, काच वेळच्या वेळी साफ करा. पण म्हणून नायट्रेट-फॉस्फेट शून्यावर नेऊ नका. तिथे डायनोफ्लॅजेलेट्स वाट बघत असतात आणि त्या तपकिरी, बुडबुडे धरलेल्या शेंबडापुढे तारे परवडले म्हणाल. नायट्रेट 5 ते 10 पीपीएम आणि फॉस्फेट 0.03 ते 0.1 पीपीएमच्या आसपास असू द्या.

मग मी काय करतो

वेचतो. याला दुसरा शब्द नाही. आठवड्यातून तीन रात्री, लाइट गेल्यावर तासाभराने, एअरलाइनची (हवेच्या पंपाची) बारीक नळी बादलीत सोडून सायफन करतो आणि काचेवरचे तारे एकेक ओढून घेतो. बादलीच्या तोंडाला फिल्टर सॉक (गाळायची पिशवी) बांधलेला असतो, त्यामुळे गाळलेलं पाणी परत टँकमध्ये घालता येतं. दगडावरच्यांसाठी लांब चिमटा. आकडा भिंतीवरच्या कालनिर्णयवर लिहितो. घरचे दुधाच्या हिशेबाशेजारी 'तारे 34' वाचून हसतात. पहिल्या आठवड्यात आकडा वाढतच जातो, तेव्हा धीर सोडायचा नाही. सहा-सात आठवड्यांनी पाच-सहावर येतो. शून्य होत नाही आणि व्हायची गरजही नाही.

नवीन फ्रॅग आला की मी प्लग फेकूनच देतो. झोआ प्लगवरून हलकेच सोडवून स्वच्छ प्लगवर चिकटवतो, कारण बुडाच्या खाचेत तारे, अंडी, सनडायल सगळंच असतं. डिप करा (औषधी पाण्यात बुडवून काढा), पण त्यावर विसंबू नका. डिपमधून अंडी बचावतात. मग तीन-चार आठवडे वेगळ्या छोट्या टँकमध्ये. कोकणात सुट्टीला गेल्यावर ओहोटीच्या डबक्यातले दगड किंवा शंख 'लाइव्ह रॉक' म्हणून आणायचा मोहही टाळा. सोबत काय येईल याचा नेम नाही, आणि दगडी प्रवाळांना तर 2001 पासून वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे.

वेचलेले जिवंत तारे खाडीत, समुद्रात किंवा संडासात टाकू नका. टँकमधला जीव बाहेर सोडायचा नसतोच. पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवा नि दुसऱ्या दिवशी कचऱ्यात टाका. त्याआधी आपल्या रीफवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकदा विचारा. माझे तारे गेले वर्षभर ठाण्याचा एक मित्र दर रविवारी बरणीतून घेऊन जातो. त्याच्याकडे हार्लेक्विनची जोडी आहे.