जुन्या पेरणी यंत्रातून लॉनचं खतयंत्र

लग्नाच्या लॉनला हाताने खत फेकलं की आठ दिवसांनी ते बोलायला लागतं. मूठ जिथे जड पडली तिथे गडद हिरवं, जिथे हलकी पडली तिथे पिवळसर. पूर्वी हे कुणाला दिसत नव्हतं. आता प्रत्येक लग्नात ड्रोन उडतो आणि नवरा-नवरीच्या मागे आमच्या लॉनचे वाघासारखे पट्टे व्हिडिओत कायमचे राहतात.

आमचं लॉन निफाड तालुक्यात, दीड एकर. द्राक्षबागेतला १५ एचपीचा अरुंद ट्रॅक्टर घरचाच. त्याला मागे लावायचं खतयंत्र मी ७ फणी पेरणी यंत्राच्या सांगाड्यातून केलं. बाजारात मोटरवर फिरणारी चकती मिळते, पण ती चकती स्वतःच्या वेगाने फेकत राहते, ट्रॅक्टर हळू चालो की जोरात. ड्रायव्हर फोनवर बोलता बोलता सावकाश झाला की तिथे डबल खत. मला खत चाकाला बांधलेलं हवं होतं. चाक फिरलं तर पडेल, थांबलं तर थांबेल. पेरणी यंत्र नेमकं तेच करतं, मग नवीन शोध कशाला लावा!

जुनं यंत्र घेताना खताच्या पेटीखाली हात घालून बघा. खाचांचे रोलर हवेत, म्हणजे फिरताना खाचेत मावेल तेवढंच खत खाली सोडणारे. काही पेट्यांना तळाशी नुसती छिद्रं आणि वर ढवळणारी काडी असते, त्यात खत वजनाने गळतं आणि वेगाशी त्याचा फारसा संबंध राहत नाही. ती पेटी फुकट दिली तरी नको. रोलरचा शाफ्ट हाताने फिरवून बघा, कुठे अडकत असेल तर आत जुनं खत दगड होऊन बसलेलं असतं. गरम पाण्याने सुटतं.

घरी आणल्यावर फण आणि नळ्या काढून टाका. सांगाडा, थ्री पॉइंटच्या (ट्रॅक्टरला मागे तीन जागी जोडायच्या) पिना, पेटी एवढंच ठेवा. मूळ लोखंडी चाक बाजूला करा. त्याचे दात शेतात पकड घेतात, लॉनवर मात्र भोकांची रांग पाडतात. त्या जागी स्कूटरचं ३.५०-१० मापाचं चाक बसवा, भंगारवाल्याकडे सहज मिळतं. चाकाचा आर्म बिजागरीवर ठेवून वरून स्प्रिंग द्या, म्हणजे खड्डा-उंचवटा आला तरी चाक जमीन सोडणार नाही.

आता चेन. शेतात पेरताना जेवढं खत पडतं त्यापेक्षा लॉनला एका वेळी कमी लागतं, म्हणून रोलर हळू फिरायला हवेत. चाकावर सायकलचं १८ दाती फ्रीव्हील (मागच्या चाकावरची कट-कट वाजणारी चक्री), रोलरच्या शाफ्टवर सायकलचीच ४४ दाती पुढची चक्री. चाकाचे साधारण अडीच फेरे झाले की रोलरचा एक. रोलर बाजूला सरकवला की खाच कमी-जास्त उघडते. रोलर जास्त उघडे ठेवून हळू फिरवलेले बरे. खाच अगदी थोडी उघडी ठेवली की खडे अडकतात आणि माप बिघडतं.

फ्रीव्हील चाकाच्या डाव्या अंगाला बसवा. सायकलला ते उजवीकडे असतं, कारण तिथे चेन चाकाला ओढते. इथे उलटा मामला आहे, चाकाने चेनला ओढायचं आहे. डावीकडे बसवल्यावर चाक हाताने पुढे फिरवा, चेन सरकली पाहिजे. मागे फिरवा, नुसतं कट-कट वाजलं पाहिजे आणि रोलर जागेवर राहिले पाहिजेत. म्हणजे रिव्हर्स घेताना खत पडत नाही. हबवर (चाकाच्या मधल्या भागावर) फ्रीव्हीलचे आटे पाडून घ्यायला लेथवाल्याकडे जाताना फ्रीव्हील सोबत न्या, तोंडी माप सांगू नका.

खरी मेहनत रोलरच्या खालच्या फळीत आहे. रोलरमधून खत ९-९ इंचावर सात धारांत पडतं, तसंच सोडलं तर लॉनवर सात रेघा उगवतील. म्हणून पेटीखाली पूर्ण रुंदीची एक उतरती फळी लावायची. मी साइनबोर्डवाल्याकडची एसीपी शीटची (मध्ये प्लास्टिक, दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियमचा पातळ थर) कापणं वापरली. गुळगुळीत असतात आणि खताने गंजत नाहीत. लोखंडी पत्रा एका पावसाळ्यात चाळण होतो. उतार ४५ अंशांपेक्षा थोडा जास्त ठेवा. फळीवर एक इंची स्टेनलेस स्टीलच्या स्क्रूंच्या आडव्या ओळी, दोन स्क्रूंमध्ये साधारण दीड इंच, आणि प्रत्येक खालची ओळ वरच्या फटीसमोर येईल अशी सरकवलेली. खडा स्क्रूवर आपटतो, डावीकडे नाहीतर उजवीकडे जातो, पुन्हा आपटतो. तीन ओळींनी माझ्याकडे रेघा दिसतच होत्या, पाच ओळींनी एकसारखं झालं. तपासायला मांडववाल्याची गडद मॅट उलटी अंथरा आणि तिच्यावरून यंत्र न्या. पांढरे खडे कसे पडले ते उभ्या उभ्या दिसतं. फळीच्या खालच्या कडेला जुन्या ट्यूबची झालर लावली की वाऱ्याने खत उडत नाही.

खत कोणतं? यंत्रासाठी मी अमोनियम सल्फेट निवडतो. युरियात नत्र ४६ टक्के, यात साधारण २१. म्हणजे तेवढ्याच नत्रासाठी दुपटीहून जास्त खत रोलरमधून जातं, आणि जास्त खत एकसारखं टाकणं सोपं. शिवाय आमची जमीन काळी, चुनखडीची, तिला हे मानवतं. युरिया हवेतला ओलावाही लवकर ओढतो. आर्द्रता सत्तर-बहात्तर टक्क्यांवर गेली की पेटीतच ओलसर व्हायला लागतो. १९:१९:१९ सारखी विद्राव्य खतं यात घालू नका, ती पाण्यातून द्यायची.

माप असं बसवा. गुंठ्याला सव्वा किलो अमोनियम सल्फेट द्यायचं, पण दोन वेळा करून: अर्धं उभ्या पट्ट्यांत, अर्धं आडव्या. म्हणजे एका वेळी गुंठ्याला ६२५ ग्रॅम. सात रोलरची रुंदी ५ फूट ३ इंच, म्हणजे १.६ मीटर. स्कूटरच्या चाकाचा एक फेरा माझ्याकडे १.३५ मीटर भरला. तुम्ही खडूची खूण करून जमिनीवर मोजा, हवेच्या प्रेशरने फरक पडतो. २० फेऱ्यांत २७ मीटर, गुणिले १.६, म्हणजे ४३ चौरस मीटर. गुंठा १०१ चौरस मीटरचा. म्हणून २० फेऱ्यांत सगळे मिळून सुमारे २७० ग्रॅम पडलं पाहिजे, प्रत्येक रोलरखाली ३८-३९ ग्रॅम.

ट्रॅक्टर बंद करा, यंत्र ठोकळ्यांवर घ्या, स्क्रूची फळी काढा, प्रत्येक रोलरखाली पिशवी बांधा. पेटी निम्मी भरा. आधी चाकाचे चार-पाच फेरे फिरवून खाचा भरू द्या, ते खत परत पेटीत टाका, मग मोजून २० फेरे. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो, फक्त नंतर पुसून ठेवा, नाहीतर घरात वेगळं प्रकरण उभं राहतं. एखादा रोलर चार ग्रॅमपेक्षा जास्त इकडेतिकडे असेल तर त्याचा स्क्रू सैल करून तेवढाच सरकवा. शेवटी १० गुंठ्यांवर चालवून बघा. सव्वासहा किलोच्या आसपास संपलं तर हिशेब जुळला.

चालवताना आधी दोन्ही टोकांना दोन-दोन आडवे पट्टे मारून घ्या, ती वळायची जागा. मग उभे पट्टे (दुसऱ्या वेळी हेच आडव्या दिशेने). टोकाला आलं की हायड्रॉलिकने उचला. चाक जमिनीवरून सुटलं की खत बंद, त्यामुळे वेगळी दांडी, केबल काही लागत नाही. फळीची कड गवतापासून एक वीत वर असू द्या. दव असताना जाऊ नका, खत ओल्या पात्याला चिकटतं आणि पात करपते. जमीन ओली असताना तर नाहीच, ट्रॅक्टरच्या टायरचे ठसे महिनाभर दिसतात. खत झालं की लगेच स्प्रिंकलर.

आणि तारखा बघून टाका. पुढचं लग्न किमान दहा दिवस लांब हवं. नुकतंच पाणी दिलेल्या लॉनवर मांडवाचे खांब आणि हजार खुर्च्या उभ्या राहिल्या तर खताचा काही उपयोग नाही. आम्ही मोठा हप्ता चातुर्मासात उघडीप बघून देतो, तेव्हा बुकिंग नसतं.

काम संपलं की पेटी त्याच दिवशी रिकामी करून धुवा. रोलर फिरवत पाणी सोडा, उन्हात वाळवा, चेनला आणि बेअरिंगला जुनं ऑइल लावा. पेटीत उरलेलं खत "उद्या वापरू" म्हणून ठेवलं तर उद्या ते छिन्नीने काढावं लागतं.