दुरुस्तीला आलेला जुना डिझेल ट्रक विकताना या चुका टाळा

जुना डिझेल ट्रक दुरुस्तीला आला की मालकाला बहुधा दोनच वाटा दिसतात: भरपूर पैसे घालून तो ठाकठीक करायचा आणि मग विकायचा, किंवा मिळेल त्या भावाने काढून टाकायचा. चांगले सौदे मात्र या दोहोंच्या मध्ये होतात, आणि त्यासाठी ट्रकमध्ये नेमके काय बिघडले आहे हे विक्रेत्याला ग्राहकाच्या आधी ठाऊक असावे लागते. असा ट्रक घेणारा माणूस सहसा स्वतः वाहतूकदार, मिस्त्री किंवा सुट्या भागांचा व्यापारी असतो. क्लच प्लेट संपली आहे असे त्याला सांगितले, तर तो तिचा खर्च मनात मांडतो आणि पुढचे बोलतो. "इंजिन काहीतरी आवाज करते" एवढेच कानावर आले, तर मात्र तो संपूर्ण इंजिनकामाचा खर्च वजा करूनच भाव सांगतो, आणि त्याच्या बाजूने पाहिले तर ते योग्यच असते.

निदान न करता इंजिन गेले असे मानणे

ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. ट्रक काळा धूर सोडतो, चढावर ओढत नाही, म्हणून इंजिन संपले असे ठरवून तो भंगाराच्या आसपासच्या किमतीला दिला जातो. काळ्या धुराचा अर्थ एवढाच की डिझेलच्या मानाने हवा कमी पडते आहे. कारण तुंबलेल्या एअर फिल्टरइतके किरकोळ असू शकते, किंवा टर्बोपासून (इंजिनात जास्त हवा दाबून भरणाऱ्या पंख्यापासून) इंजिनकडे जाणारा रबरी पाइप फाटलेला असू शकतो. तो पाइप नवा बसवला की तोच ट्रक पुन्हा ओढू लागतो. नोझल (इंजिनात डिझेल फवारणारी तोटी) गळत असेल किंवा टर्बो घासला असेल तर खर्च वाढतो, परंतु तोही ठरावीक आणि लेखी सांगता येण्याजोगा असतो.

पांढऱ्या धुराबाबत अधिक काळजी घ्यावी. थंडीत सुरू केल्यावर दिसणारी आणि इंजिन तापताच नाहीशी होणारी पातळ वाफ हा दोष नव्हे. डोळ्यांना झोंबणारा पांढरा धूर म्हणजे न जळलेले डिझेल. त्यामागे कमी कंप्रेशन (सिलिंडरमध्ये हवा दाबली जाण्याचे प्रमाण), चुकलेले टायमिंग (डिझेल फवारण्याची वेळ) किंवा खराब नोझल असते. इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर येत राहिला, त्याला गोडसर वास असला आणि रेडिएटरमधील कूलंट कमी होत असेल, तर हेड (इंजिनाचा सर्वांत वरचा भाग) किंवा त्याखालची सील, म्हणजे हेड गॅस्केट, तपासून घ्यावे. अशा वेळी डिपस्टिकवरील (ऑइल मोजण्याच्या पट्टीवरील) ऑइल दुधाळ दिसते का तेही पाहावे. केवळ ऑइलच्या झाकणाखाली थोडा दुधाळ थर दिसला म्हणून घाबरून जाऊ नये, कारण थोड्या अंतरापुरत्या चालवल्या जाणाऱ्या गाडीत साध्या दमटपणानेही तो जमतो. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे. तो रात्रभर उभ्या ट्रकला सुरू करताना क्षणभर येत असेल तर बहुधा व्हॉल्व्हची सीले जुनी झालेली असतात. भार घेऊन चालताना सतत येत असेल तर संशय पिस्टन रिंग आणि लायनरवर (सिलिंडरच्या आतल्या नळीवर) जातो.

सकाळी ट्रक लवकर सुरू होत नाही या तक्रारीचाही असाच घोटाळा होतो. डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. दाबामुळे तापलेल्या हवेनेच इंधन पेटते, म्हणून कंप्रेशन घटले की थंड इंजिन सुरू होणे जड जाते हे खरे आहे. परंतु तीच लक्षणे इंधनाच्या नळीत हवा शिरल्यानेही दिसतात. टाकीकडून येणाऱ्या ओढीच्या नळीला बारीक तडा असेल तर तेथून डिझेल बाहेर सांडताना दिसेलच असे नाही, हवा मात्र आत ओढली जाते. डिझेलच्या फिल्टरजवळचा छोटा हातपंप मारून हवा काढल्यावर ट्रक लगेच सुरू होत असेल, तर इंजिन उघडण्याआधी नळ्या, वॉशर आणि फिल्टरची बैठक तपासावी. बॅटरी आणि तिच्या केबलही याच वेळी पाहाव्यात. पूर्ण भरलेली 12 व्होल्टची बॅटरी विश्रांतीत साधारण 12.6 व्होल्ट दाखवते. मोठ्या ट्रकमध्ये अशा दोन बॅटऱ्या जोडून 24 व्होल्ट केलेले असतात, आणि त्यांतील एक कमजोर असली तर सेल्फ रेंगाळतो. ग्राहकासमोर गाडी उठावी म्हणून एअर इनटेकमध्ये ईथरचा स्प्रे मारण्याची सवय काहींना असते. ग्लो प्लग (थंड इंजिन सुरू करण्यासाठी तापणारी कांडी) किंवा हवा तापवणारा हीटर असलेल्या इंजिनात त्याने स्फोट होऊन पिस्टन फुटू शकतो, म्हणून तो मोह टाळावा.

एवढ्या तपासणीचा खर्च फार नसतो. कंप्रेशन चाचणी, नोझलची तपासणी आणि भागांच्या किमतींसह लिहिलेला अंदाज हाती आला, की सौद्यात त्याच कागदाचा सर्वाधिक उपयोग होतो.

नको तेथे पैसे घालणे

विक्रीपूर्वी संपूर्ण इंजिन बांधून घेतले तर तो खर्च सहसा परत मिळत नाही, कारण आतले काम ग्राहकाला दिसत नाही आणि त्याचा भरवसा स्वतःच्या मिस्त्रीवर असतो. बिले, काढलेल्या भागांची छायाचित्रे आणि काम करणाऱ्याची लेखी हमी असेल तर गोष्ट थोडी वेगळी, तरीही वजाबाकी करून पाहावी. नवा रंगही असाच वाया जातो. जुन्या चेसीवर ताजा काळा रंग दिसला की जाणकार माणूस आधी त्याखालील गंज आणि वेल्डिंग शोधतो.

याउलट बॅटरी, फिल्टर, फाटलेले पाइप, बंद दिवे आणि ब्रेकच्या हवेची गळती यांवर केलेला खर्च माझ्या मते अवश्य करावा. ट्रक स्वतःच्या बळावर सुरू होऊन, ब्रेकची हवा भरून चार पावले पुढे-मागे झाला, की गिअरबॉक्स, क्लच आणि डिफरन्शियल चालू स्थितीत आहेत हे ग्राहकाला स्वतः पडताळता येते. जो ट्रक हलतच नाही, त्याचा प्रत्येक भाग बिघडलेला धरला जातो.

दोष झाकणे

ग्राहक येण्याआधी इंजिन तापवून ठेवणे ही फार जुनी युक्ती आहे आणि ती ओळखणेही तितकेच सोपे आहे. अनुभवी माणूस बोनेट किंवा केबिन उचलताच इंजिनाला हात लावून पाहतो. इंजिन थंडच ठेवावे आणि त्याच्यासमोर सुरू करावे. ऑइलमध्ये घट्टपणा आणणारे रसायन टाकून धूर आणि आवाज दाबू नये. इंजिनावर जोराच्या दाबाचे पाणी मारून ते चकचकीत करण्यानेही नुकसानच होते: गळतीच्या खुणा पुसल्या गेल्याने संशय वाढतो आणि पाणी अल्टरनेटर व वायरिंगच्या जोडांत शिरून नवीनच बिघाड उभा राहतो. धूळ पुसावी, केबिन झाडून घ्यावी, एवढे पुरे.

टायरचे वयही लपत नाही. टायरच्या बाजूवर कोरलेल्या चार अंकांतील पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. 2319 म्हणजे 2019 सालचा 23 वा आठवडा. चांगले टायर दाखवून ताबा देताना जुने चढवणे हा तर सरळ विश्वासघात आहे. डीपीएफ (धुरातील काजळी अडवणारा फिल्टर) किंवा ईजीआर (धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणारी यंत्रणा) काढून टाकले असल्यास तेही आधीच सांगावे, कारण अनेक देशांत असे वाहन रस्त्यावर चालवणे बेकायदेशीर ठरते आणि तपासणीत ते उघड होतेच.

भाव आणि कागद

भाव ठरवताना त्याच वयाच्या, त्याच मॉडेलच्या चालू ट्रकची किंमत धरावी आणि त्यातून लेखी अंदाजातील खर्च वजा करावा. त्याशिवाय ग्राहकाचा वेळ आणि काम उघडल्यावर निघणारा वाढीव खर्च यांसाठीही काही सोडावे लागते, हे मान्य केले की वाटाघाटी लांबत नाहीत. खालची मर्यादा मात्र आपण आधीच शोधून ठेवावी: गिअरबॉक्स, ॲक्सल, स्प्रिंगचे पाटे, टायर आणि केबिन सुटे विकले तर काय मिळेल, आणि भंगाराच्या वजनाने काय मिळेल. अनेक लोक येऊन पाहतात पण भाव कोणीच सांगत नाही, असे होत असेल तर किंमत उतरवण्याआधी जाहिरातीतील वर्णन तपासावे. त्यात बहुधा दोष मोघम लिहिलेले असतात आणि चेसी, इंजिन क्रमांक, टायर व धावलेले अंतर यांची स्पष्ट छायाचित्रे नसतात.

कर्जाचा बोजा उतरलेला नसेल, कर थकलेला असेल किंवा कागदावरील इंजिन क्रमांक बदललेल्या इंजिनाशी जुळत नसेल, तर हे सर्व विक्रीच्या आधी मिटवावे. विक्रीपत्रात "जसा आहे तसा" एवढेच लिहून थांबू नये. माहीत असलेला प्रत्येक दोष, वाहन सोपवल्याची तारीख व वेळ आणि त्या वेळचा ओडोमीटरचा आकडा लिहून दोघांनी सह्या कराव्यात, म्हणजे पुढे तक्रार आली तर काय सांगितले होते याचा पुरावा राहतो. पैसे खात्यात जमा झाल्याची खात्री झाल्याशिवाय मूळ कागद हातातून सोडू नयेत. मालकी बदलाची नोंद ग्राहक करून घेईल या भरवशावरही राहू नये, कारण ती होईपर्यंत दंड आणि अपघाताच्या नोटिसा जुन्या मालकाच्याच पत्त्यावर येतात. वाहन विकल्याची सूचना नोंदणी कार्यालयाला आपण स्वतः द्यावी आणि तिची पोच जपून ठेवावी.