बाळ चालायला शिकतंय? या चुका टाळा

माझी भाची दहा महिन्यांची असताना वॉकरमध्ये घरभर सुसाट फिरायची. बाहेर काढून उभी केली की चवडे टेकवायची आणि मटकन खाली बसायची. "तिच्या डोक्यात अजून आलं नाही," असं घरात सगळे म्हणायचे.

पहिली चूक इथेच होते. चालणं आधी डोक्यात तयार होऊन मग पायांत उतरत नाही. नवजात बाळाला काखेत धरून उभं केलं की ते पावलं टाकल्यासारखे पाय उचलतं. दोनेक महिन्यांत हे थांबतं. मेंदू वाढला म्हणून थांबलं, असं पूर्वी मानत. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ एस्थर थेलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये बाळांचे पाय पाण्यात सोडून पाहिले. पाय हलके झाले आणि पावलं वाढली. पायांना छोटी वजनं बांधली तर कमी झाली. मेंदू तोच होता. वाढत्या वयात पाय गुबगुबीत आणि जड होतात, ताकद मात्र त्या मानाने मागे राहते.

म्हणून बाळ अडलं की आधी त्याच्या अंगाकडे आणि पायाखाली बघा.

वॉकरमध्ये वजन सीट पेलते, तोल चाकं सांभाळतात आणि समोरच्या ट्रेमुळे स्वतःचे पायही दिसत नाहीत. मग बाळ शिकणार काय? शिवाय जिन्यावरून कोसळण्याची भीती वेगळीच. कॅनडाने २००४ मध्ये वॉकरवर बंदीच घातली. आपला लाकडी पांगुळगाडा बरा, त्यात बाळाला स्वतःच्या पायांवर उभं राहावं लागतं. गुळगुळीत फरशीवर तो पुढे पळत असेल, तर खालच्या पट्टीला किलोभर तांदळाची पुरचुंडी घट्ट बांधा.

फरशीवर मोजे नकोत, पाय उघडे ठेवा. जाड डायपरने पाय फाकतात, तेव्हा दिवसातून थोडा वेळ तोही काढा. भाचीसाठी आम्ही सतरंजी अंथरली आणि खेळणी दिवाणावर ठेवली. आठवड्याभरात ती दिवाणाला धरून आडवी सरकू लागली.

दोन्ही हात वर ओढून चालवू नका, त्यात तोल तुम्हीच सांभाळता. पडू द्या. न्यूयॉर्कमधल्या एका अभ्यासात १२ ते १९ महिन्यांची मुलं खेळताना तासाला सरासरी २,३६८ पावलं टाकत आणि १७ वेळा पडत. टेबलाचे कोपरे तेवढे झाका.

दीड वर्षापर्यंत एकटं चालत नसेल, एकच पाय ओढत असेल किंवा जमत होतं ते बंद झालं असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवाच. जाताना घरातल्या फरशीवरचा व्हिडिओ मोबाइलवर घेऊन जा, कारण दवाखान्यात बाळ हमखास आईला चिकटून बसतं.